कोबेत एकट्यानं स्टेक खाताय? या चुका टाळा

जपानमधल्या कोबेला निघालेला प्रत्येक ओळखीचा माणूस मला एकच विचारतो, "ए-फाइव्ह, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं बीफ, कुठे मिळेल?" पंधरा रील्स बघून झालेल्या असतात. पण एकटे जेवायला बसणार म्हणजे काय, याचा विचार शून्य. जास्त झालेलं कोणाच्या ताटात सरकवता येत नाही, आणि ऑर्डर देताना "अरे, पुरे" म्हणणारंही शेजारी कोणी नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भुकेच्या तडाख्यात ग्रॅम ठरवणं. मी ती मनापासून केलेली आहे. दिवसभर हिमेजीचा किल्ला चढलो-उतरलो, रात्रीसाठी पोट राखायचं म्हणून दुपारचं जेवण टाळलं आणि संध्याकाळी कोबेच्या सान्नोमिया भागात तेप्पानयाकीच्या, म्हणजे समोरच्या तापलेल्या तव्यावर भाजून देणाऱ्या शेफच्या, काउंटरवर जाऊन बसलो. सरलॉइन (कमरेकडचा भाग), २५० ग्रॅम. शेफनं माझ्याकडे पाहिलं आणि मेन्यूवर १५०च्या आकड्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, हा मला कमी लेखतोय. मी ठासून २५० म्हटलं.

पहिले चार तुकडे निव्वळ स्वर्ग. आठव्या तुकड्याला तुपाची वाटी तोंडाला लावल्यासारखं वाटायला लागलं. मी रेंगाळलो तशी उरलेल्यांच्या कडेला चरबी पांढुरकी थिजू लागली. शेफ काही बोलला नाही, फक्त वसाबी (झणझणीत हिरवी जपानी चटणी) आणि लोणच्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. अन्न टाकायची लाज, म्हणून संपवलं. रात्री हॉटेलच्या खोलीत पलंगावर पाठ टेकवत नव्हती.

वाग्यूच्या, म्हणजे जपानी जातीच्या गुरांच्या, मांसात चरबी जाळीसारखी पसरलेली असते, त्यामुळे नेहमीच्या स्टेकचा हिशोब इथे लागू पडत नाही. आता मी १०० ते १२० ग्रॅम घेतो, तेही फिलेट, कारण त्यात सरलॉइनपेक्षा चरबी कमी. आधी नुसतं मीठ, मग वसाबी. सॉस शेवटी, आणि तोही वाटला तरच. फोटो एक. तुकडा पुढ्यात आला की खायचा, तो मॉडेलिंगला आलेला नसतो.

आता त्या ए-फाइव्हबद्दल. अक्षर सांगतं जनावरामागे मांस किती निघालं, आकडा सांगतो दर्जा. म्हणजे 'ए'चा तुमच्या जिभेशी संबंधच नाही! शिवाय ए-फाइव्ह म्हणजे कोबे बीफ नव्हे. कोबे बीफ ह्योगो प्रांतातल्या ताजिमा वंशाच्या जनावराचंच असतं, आणि जाळीदारपणाच्या १२ पर्यंतच्या मोजपट्टीवर त्याला किमान ६ लागतात. ती अट ए-फोरही पूर्ण करू शकतो. एकट्या माणसानं खुशाल ए-फोर घ्यावा. खरेपणाची शंका असेल तर दहा आकडी जनावर-क्रमांक विचारा. चांगल्या ठिकाणी तो दाखवताना कोणी तोंड वाकडं करत नाही.

दुसरी आवडती चूक: रात्री सात वाजता बुकिंगशिवाय दारात उभं राहणं. आत खुर्च्या रिकाम्या दिसतात, तरी नकार मिळतो. त्या राखीव असतात, तुमच्या रंगावरून कोणी निकाल दिलेला नाही. ऑनलाइन बुकिंग कधीकधी दोघांच्या खाली घेतच नाही, तेव्हा हॉटेलच्या काउंटरवरून फोन करवून घ्या. किंवा सरळ दुपारी जा. बऱ्याचदा तोच तवा आणि तेच मांस रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि पचवायला अख्खी संध्याकाळ मिळते. दारात एक बोट वर करून "हितोरी देस", म्हणजे "मी एकटाच", म्हटलं की पुरे. एकट्यानं जेवण्याचं तिथे कोणाला नवल नाही, ओशाळायचं कारण नाही.

टीप ठेवू नका. मेन्यूतली बारीक अक्षरं वाचा, कर आणि सर्व्हिस चार्ज तिथे लपलेले असतात.

बीफ खात नसाल तर कोळंबीचा सेट मिळतो, पण तवा तोच असतो, आणि गार्लिक राइस गाईच्या चरबीत परतलेला असू शकतो. हे बसायच्या आधी विचारा, घास तोंडात गेल्यावर नको.

आणि लोकरीचं जॅकेट घालून तव्यासमोर बसू नका. झाकणाची टोपली किंवा कपाट दिलं तर त्यात ठेवा. मी अंगातच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये शेजारच्या आजी तोक्योपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.