ढोलीचा पत्ता कोणालाही देऊ नका

साताऱ्यात एम.एस्सी. करत असताना, एका फेब्रुवारीत, जावळीच्या खोऱ्यातील जुन्या सावरीच्या ढोलीत करण पोपटाची (खांद्यावर लाल पट्टा असलेल्या मोठ्या पोपटाची) जोडी ये-जा करताना मला दिसली आणि आनंदाच्या भरात मी तिचे छायाचित्र पक्षिमित्रांच्या गटावर टाकले. गावाचे नाव मी लिहिले नव्हते. परंतु झाडामागे देवळाचे शिखर आणि रस्त्याचे वळण दिसत होते, आणि त्या भागात हिंडणाऱ्याला तेवढी खूण पुरते. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा ढोलीचे तोंड कोयत्याने फोडलेले होते आणि आत पिल्ले नव्हती. त्या झाडाकडे आजही माझ्याने पाहवत नाही.

हे सविस्तर सांगतो, कारण नवखा अभ्यासक येथेच फसतो. हा पोपट बहुधा तांबट किंवा सुतार पक्ष्याची जुनी ढोली रुंद करून घेतो, आणि तशी जाड बुंध्याची झाडे कमी होत चालली आहेत. अंडी दोन ते चार, ती उबवायला साधारण साडेतीन आठवडे, पिल्ले उडेपर्यंत आणखी सुमारे सात; म्हणजे जवळजवळ अडीच महिने सारे कुटुंब एकाच जागी अडकलेले असते. पिल्ले विकणारा चोर ढोलीच फोडतो, तेव्हा त्या वर्षीची वीण जाते आणि पुढच्या विणींची जागाही जाते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे, तरी पिंजऱ्यासाठीची मागणी थांबलेली नाही आणि धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत हा पक्षी संकटसमीप आहे. म्हणून घरट्याचे छायाचित्र काढूच नका, नोंद वहीत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयातच ठेवा, आणि रोज एकाच वाटेने जाऊ नका, कारण तुमची मळलेली वाट चोरालाही दिसते. विक्रीचे पिल्लू दया येऊन विकत घेणे तर सर्वांत वाईट. त्या पैशाने पुढची ढोली फुटते. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

पक्षिनिरीक्षणाच्या दोन दिवसांच्या प्रमाणपत्र शिबिरांवर माझा विश्वास नाही. मोठी लेन्स बाळगणाऱ्यांपेक्षा एका वनरक्षकाने मला अधिक शिकवले: मादी ढोलीत शिरायला कचरू लागली, की आपण उठायचे.

डेहराडून किंवा कोइमतूरच्या वन्यजीव-पक्षी अभ्यासाच्या संस्थेत प्रवेश मिळाला नाही, तरी खचू नका. आपल्या तालुक्यातील ढोली असलेली झाडे मोजून, तोडीची परवानगी निघण्यापूर्वी ती यादी वनखात्याकडे पोहोचवणे, हे काम घरी राहूनही होते. मी त्यापासूनच पुन्हा सुरुवात केली.