लोगन १.६ पेट्रोल: भंगारातून भाग शोधताना

पप्पांची लोगन २००८ची, १.६ पेट्रोल. आपल्या नाशिकच्या सातपूरमधल्या महिंद्रात बनलेली, म्हणून घरात तिचं फार कौतुक. महिंद्रा आणि रेनॉने मिळून २००७ साली ही गाडी आणली. २०१० मध्ये रेनॉ बाजूला झाली आणि २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो नावाने निघू लागली. रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक डिझेल, आणि व्हेरिटोत पेट्रोल ठेवलं तेही १.४चं. त्यामुळे १.६चा भाग मागितला की भंगाराच्या गाळ्यावर एकच उत्तर मिळतं: "ताई, वो तो आता ही नहीं."

येतो. पण गाडीच्या नावाने मागितला तर सापडत नाही.

आधी घरी बसून वही करा. आपल्या गाडीतला कोणता भाग आणखी कोणत्या गाडीत बसतो, एवढंच त्यात लिहायचं. लोगनची पुढची दारं, सस्पेन्शनचे आर्म, स्टिअरिंग रॅक, आतली बटणं यासाठी आधी व्हेरिटो बघा. टॅक्सीत धावलेल्या व्हेरिटो तोडायला बऱ्यापैकी येतात. व्हेरिटो वाइबचं मागचं अंग आखूड, पण पुढून गाडी तीच.

इंजिनाचं मात्र नीट समजून घ्या. १.४ आणि १.६ एकाच घराण्यातली. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७९.५ मिलिमीटर; फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो त्या अंतराचा: १.४चा ७०, १.६चा ८०.५. म्हणून इग्निशन कॉइल, सेन्सर अशा बाहेरून बसणाऱ्या गोष्टी १.४ वरच्या नंबराशी ताडून बघण्यासारख्या असतात. आमच्या गाडीची कॉइल तशीच मिळाली. क्रँकशाफ्ट, पिस्टन यांच्या वाटेला जाऊ नका.

गाळेवाले हमखास सांगतात, "डस्टरचं १.६ घ्या, एकच आहे." जुन्या डस्टर पेट्रोलचं इंजिनही १५९८ सीसीच, बोअर-स्ट्रोकसुद्धा तेच. पण ते सोळा व्हॉल्व्हचं आणि आपलं आठ व्हॉल्व्हचं. हेड, मॅनिफोल्ड, कॅमशाफ्ट, काहीच जुळणार नाही. सीसी जुळले म्हणजे इंजिन जुळलं, असं धरू नका.

रेनॉच्या भागांवर दहा आकडी नंबर असतो, बहुतेक वेळा ८२०० किंवा ७७०० ने सुरू होणारा. तेल-माती पुसली की दिसतो. जुन्या भागावरचा नंबर मोबाईलमध्ये टिपून न्या. गिअरबॉक्सवर जेएच किंवा जेआर अशी अक्षरं कोरलेली असतात आणि पुढे आकडे. अक्षरांवरून घराणं कळतं, आकड्यांवरून गिअरचं प्रमाण. नुसती अक्षरं जुळली म्हणून पैसे देऊ नका.

मी अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे, त्यामुळे बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर पर्समध्ये असतोच. तुमच्याकडे नसला तर स्टीलची पट्टी, टॉर्च, लोहचुंबक, चिंध्या आणि शक्य असेल तर जुना भागच बरोबर घ्या. क्लच प्लेट असेल तर व्यास मोजा आणि मधले दाते मोजा. ड्राइव्ह शाफ्टचंही तसंच. या गिअरबॉक्सवर डाव्या शाफ्टचा रबरी बूट तीन बोल्टांनी बसतो आणि आतल्या टोकाला तीन रोलर असतात. ते बोटाने फिरवून बघा. खड्डे पडलेले किंवा अडकत असतील तर ठेवून द्या. लोहचुंबक दारांसाठी: पत्र्यावर फिरवताना मध्येच पकड ढिली झाली तर तिथे पुटी भरलेली आहे.

सगळ्यात महाग धडा मला ईसीएमने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने दिला. नंबर तंतोतंत जुळत होता, साडेतीन हजार मोजले, बसवला. स्टार्टर फिरतो, गाडी पेट घेत नाही. दोन दिवस वायरिंग तपासण्यात गेले. मग कळलं की ईसीएम चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशी बांधलेला असतो आणि दुसऱ्या गाडीची चावी तो ओळखत नाही. ईसीएम घ्यायचाच तर त्याच गाडीचा इमोबिलायझरचा डबा आणि चिप असलेली चावी, तिन्ही एकत्र घ्या. चावी हरवली म्हणाले तर सौदा सोडा.

एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे पाइप आणि टायमिंग बेल्ट जुने घ्यायचे नाहीत. इथे मी पप्पांशीही वाद घालते.

आता कुठे जायचं. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा मोठा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली पाडला, आणि त्यानंतरही कारवाया झाल्या. गाळे हलत राहतात, म्हणून फोन केल्याशिवाय निघू नका. शुक्रवारी दुपारी नमाजमुळे बरीच दुकानं बंद असतात. आमची सुट्टी शनिवारी, मी सकाळी दहाच्या आत पोहोचते. दुपारनंतर पत्रा तापतो आणि कोणाला ढिगातून काही काढून द्यायची इच्छा उरत नाही. नाशकात नाहीच मिळालं तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, पण तिथेही नंबर आणि फोटो आधी पाठवा.

या सगळ्यात ओळख फार कामाला येते. नेहमी लागणारा भाग गाळेवाला जपून ठेवतो. १.६चा भाग त्याच्या लेखी लोखंड असतो, आठवड्याभरात काट्यावर वजनाने जातो. म्हणजे तुमची खरी शर्यत गाडी कापणाऱ्या कटरशी आहे. मी ज्या चाचांकडे जाते त्यांच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर माझी यादी चिकटवलेली आहे: भागाचा फोटो, नंबर, माझा फोन. गाडी कापायला आली की ते व्हॉट्सॲप करतात. वजनाच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे मी आनंदाने देते, घासाघीस करत नाही.

पावती मात्र मागा, त्यावर मूळ गाडीचा चेसिस नंबर लिहून घ्या आणि आरसीचा किंवा स्क्रॅपच्या कागदाचा फोटो काढा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आख्खं इंजिन बदलणार असाल तर इंजिन नंबर आरसीवर बदलावा लागतो, म्हणून आधी आरटीओत जाऊन या, मग इंजिन उचला.

माझ्या यादीत सध्या १.६ची फ्लायव्हील, म्हणजे क्लच बसतो ती इंजिनाची जड चकती, आहे. चाचांनी गेल्या महिन्यात एकीचा फोटो पाठवला होता. क्लच बसतो तो व्यास मी त्यांना पट्टीने मोजायला सांगितला, ती १.४ची निघाली.