व्हिडिओतून गुडघ्याचा कोन चुकीचा येतोय? आधी गुणाकार करा

मीडियापाइप पोझ या, व्हिडिओतल्या माणसाचे सांधे ओळखणाऱ्या मॉडेलने शरीरावरचे ठिपके अगदी बरोबर बसतात, पण त्यांवरून काढलेला कोन मात्र डोळ्यांना दिसतो त्याच्याशी जुळत नाही. मी दोन दिवस मॉडेललाच दोष देत बसलो होतो. चूक माझ्या गणितात होती.

हे मॉडेल ३३ बिंदू देतं, पण त्यांचे एक्स आणि वाय पिक्सेलमध्ये नसतात. एक्सला फ्रेमच्या रुंदीने आणि वायला उंचीने भागलेलं असतं. फ्रेम चौरस नसेल तर दोन्ही दिशांची मोजपट्टी वेगळी होते. १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये खरी ४५ अंशांची रेघ जवळपास ६१ अंशांची भरते! उभ्या व्हिडिओत तीच २९ च्या आसपास.

उपाय:

१. प्रत्येक बिंदूचा एक्स रुंदीने, वाय उंचीने गुणा.
२. मगच कोन काढा. डाव्या गुडघ्यासाठी बिंदू २३ (कंबर), २५ (गुडघा), २७ (घोटा). उजव्यासाठी २४, २६, २८.
३. तिन्हींपैकी एकाचीही व्हिजिबिलिटी (तो बिंदू दिसत असल्याची मॉडेलने दिलेली शक्यता, ० ते १) ०.५ पेक्षा कमी असेल तर ती फ्रेम सोडून द्या. ०.५ हा काही नियम नाही, माझ्या व्हिडिओंना तो चालला.

एक सांभाळा: ओपनसीव्ही या व्हिडिओ हाताळणाऱ्या लायब्ररीत फ्रेमचा शेप (आकारमान) आधी उंची देतो, मग रुंदी. उलट घेतलंत तर कोन आणखीच बिघडेल आणि प्रोग्रॅम कुरकुरही करणार नाही.