होपी लोकांची युक्काची चाळण कशी विणायची

अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या टोपल्या म्हटलं की सगळे त्या रंगीत गोल थाळ्यांचे फोटो टाकतात, त्या सुंदर आहेतच, पण शिकायचंय ना, मग साध्या चाळणीपासून सुरू करा. ॲरिझोनात होपींची गावं तीन मेसांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांवर आहेत, गवताची जुडी गुंडाळून शिवलेल्या थाळ्या सेकंड मेसाच्या बायका करतात, काड्यांच्या विणलेल्या थर्ड मेसाच्या, चाळण मात्र तिन्हीकडे विणतात.

सगळा खेळ पानांचा आहे. युक्का म्हणजे तिकडच्या कोरड्या रानातलं टोकदार पानांचं झुडूप, त्याची अरुंद लांब पानं घ्यायची, टोकाचा काटा आणि कडेचे दोरे काढायचे, उभी चिरून एकसारख्या पट्ट्या करायच्या आणि वाळवायच्या. विणायच्या आधी जरा भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, कोरडी पट्टी वळवताना मोडते आणि फार भिजलेली नंतर आकसते, मग वीण सैल पडते. युक्का मिळत नसेल तर हात बसवायला शिंदीची पानं चालतील.

पट्ट्या शेजारी शेजारी मांडा, बुडखा एकदा इकडे एकदा तिकडे, म्हणजे रुंदी सारखी राहते. आता मधून आडवी पट्टी घाला, दोन वरून दोन खालून, पुढच्या ओळीत एक घर सरकायचं, बस. फार घट्ट ओढू नका, चाळण आहे, बारीक भोकं हवीतच.

चौकोनी चटई झाली की सुमॅक नावाच्या झुडपाची ओली फांदी वाकवून फूट-सव्वा फुटाचं कडं बांधा, चटई दमट करून त्यात दाबा, चारी बाजूंनी थोडं थोडं, एकच कोपरा आधी खेचला तर आकार वाकडाच राहतो. टोकं कड्यावरून बाहेर वळवून लगेच खाली युक्काच्याच पट्टीने ओळीने बांधत जायचं, उरलेलं कापायचं.

वापर भरपूर. मक्याचे दाणे ते गरम वाळूत भाजतात, आपला भडभुंजा चणे भाजतो तसे, मग या चाळणीत हलवलं की वाळू खाली आणि दाणे वर. घेवड्याचे दाणे धुवा, धान्य पाखडा, फळं ठेवा. त्या नक्षीदार थाळ्यांचं काम वेगळं, लग्नात मुलीकडचे त्यात मक्याचं पीठ भरून मुलाच्या घरी देतात, म्हणून काचिनाची, म्हणजे होपींच्या पवित्र आत्म्यांची चित्रं वगैरे हौस म्हणून उचलू नका प्लीज, ती त्यांच्या धर्माची आहेत.

आणि हो, धुतल्यावर चाळण सावलीत पालथी वाळवा, ओलीच एकात एक रचून ठेवली तर बुरशी धरते.