गांडूळखताच्या वाफ्यात वाळा निघाला तर

पावसाची झड लागली की जमिनीतल्या बिळांत पाणी भरतं आणि एरवी न दिसणारे जीव वर येतात. गांडूळखत उपसताना, पाचट उचलताना किंवा रोपवाटिकेत कुंडी हलवताना एखादा काळपट, चकचकीत, वीतभर साप वळवळताना दिसतो. ‘नागाचं पिल्लू!’ म्हणून लगेच खुरपं पडतं. बऱ्याचदा तो बिनविषारी वाळा असतो.

गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात आणि अंग ओलसर, बुळबुळीत. वाळ्याचं अंग कोरडं, गुळगुळीत खवल्यांचं. तो जीभही बाहेर काढतो. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके. शेपूट बोथट आणि टोकाला बारीकसा काटा. धरला तर तो काटा रुतवतो, पण त्यात विष नसतं. खरी खूण पोटाला. वाळ्याचे पाठीचे आणि पोटाचे खवले सारखेच; नाग, मण्यार यांच्या पोटाला रुंद आडव्या पट्ट्या असतात. मात्र हे मेलेल्या सापावर किंवा फोटोत बघायचं. खात्रीसाठी जिवंत साप उलटा करू नका!

ओळखीचा घोळ जुनाच आहे. 1803 मध्ये दोदँ या फ्रेंच अभ्यासकाने वाळ्याला शास्त्रीय नाव दिलं ते मांडुळाच्या ‘एरिक्स’ प्रजातीत घालून. आज तो टिफ्लोपिडी या वेगळ्या कुळात, ‘इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस’ या नावाने आहे. यात नर आढळत नाहीत. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून माद्याच निघतात. कुंडीतल्या मातीतून हा साप जगभर पोचला तो त्यामुळेच.

वाळवी आणि मुंग्यांची अंडी-अळ्या हे त्याचं खाणं. म्हणजे वाफ्यातली गांडुळं सुरक्षित. त्याला सुपलीत घेऊन बांधाच्या ओल्या मातीत सोडा. सह्याद्रीच्या पट्ट्यात सापडणारा खापरखवल्या साप मात्र गांडुळंच खातो. त्याची शेपूट तिरकी कापल्यासारखी, खरबरीत असते. त्यालाही मारू नका, फक्त वाफ्यापासून लांब सोडा. चोचीसारख्या तोंडाचा, अधिक जाड आणि लांब असेल तर तो चंचुवाळा, तोही बिनविषारी.

सावध राहायचं ते पोवळ्यापासून. हाही सडपातळ, पण विषारी. डोकं काळं, अंग फिकट तपकिरी, शेपटीवर दोन काळे पट्टे, पोट तांबूस. डिवचला की शेपूट गुंडाळून वर उचलतो. घाईत वाळा आणि पोवळा यांत गल्लत होऊ शकते, म्हणून कुठलाच साप उघड्या हाताने धरू नका. वाफा आधी दाताळ्याने हलवा, मग हात घाला. पायांत गमबूट हवेतच. साप पळवायला फोरेट हे कीटकनाशक टाकण्याची सवय अजून काहींना आहे. त्यावर बंदी आहे, शिवाय गांडुळंही मरतात.

चावा बसला आणि साप ओळखता आला नाही तर विषारीच समजा. जखम कापू नका, आवळून बांधू नका. हातपाय हलू न देता 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.