कंटेनर क्रमांकाची तपासणी लिहिण्यापूर्वीची तयारी

मालवाहू कंटेनरचे क्रमांक तपासणारे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर ठरावीक रचनेत आहे का हे पाहणारा पॅटर्न, लिहायला बसण्यापूर्वी आयएसओ ६३४६ या मानकातील रचना कागदावर मांडून ठेवावी: मालकाच्या संकेताची तीन अक्षरे, प्रकार सांगणारे यू, जे किंवा झेड यांपैकी एक अक्षर, सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी एक तपासअंक, म्हणजे आधीच्या अक्षर-अंकांवरून गणिताने काढलेला, चूक पकडणारा अंक. जे हे अक्षर सुट्या साहित्यासाठी आणि झेड हे ट्रेलर व चासीसाठी असल्याने, केवळ कंटेनरच नोंदवायचे असतील तर चौथ्या जागी यूखेरीज काही स्वीकारू नये.

हाती आलेला एक्सेलचा रकाना एकदा डोळ्यांखालून घालावा. मधल्या मोकळ्या जागा, तपासअंकापूर्वीची आडवी रेघ आणि लहान लिपीतील अक्षरे आधीच साफ करावीत. शून्याच्या जागी आलेले ओ मात्र परस्पर बदलू नये, ती नोंद पाठवणाऱ्याकडे परत करावी.

पायथॉन ३ वापरत असल्यास अंकासाठीची ‘बॅकस्लॅश डी’ ही खूण टाळावी, कारण ती देवनागरी अंकही बिनतक्रार स्वीकारते आणि मराठी कीबोर्ड चालू राहणे आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. त्याऐवजी इंग्रजी शून्य ते नऊ अशी व्याप्ती स्पष्ट लिहावी. पॅटर्नचा शेवट दाखवणारे डॉलर चिन्ह ओळ संपवणाऱ्या अदृश्य चिन्हापूर्वीही जुळते, म्हणून संपूर्ण मजकूर जुळतो का हे पाहणारे फुलमॅच हे फंक्शन वापरावे.

पॅटर्न केवळ आकार पाहतो, तेव्हा तपासअंकाचे गणित करणारे फंक्शन वेगळे लिहून ठेवावे. त्यात ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, अशा ११, २२ आणि ३३ वगळून चढत जाणाऱ्या अक्षरांच्या किमती घेऊन, पहिल्या दहा स्थानांना १, २, ४ असे दुपटीने ५१२ पर्यंत गुणावे आणि बेरजेला ११ ने भागून उरलेली बाकी घ्यावी. बाकी १० आल्यास तपासअंक ० धरतात. सी-एस-क्यू-यू ३०५४३८ या क्रमांकाची बेरीज ६१८५ येते, बाकी ३ उरते, म्हणून शेवटी ३ हवा.

चाचणीसाठी हा क्रमांक आणि त्यातील ४ व ३ यांची अदलाबदल केलेला ३०५३४८, तपासअंक ३ तसाच ठेवून, असे दोन्ही ठेवावेत. दुसऱ्याची बेरीज ६३१३ आणि बाकी १० असल्याने तिथे ० अपेक्षित आहे; पॅटर्नने तो स्वीकारावा आणि फंक्शनने नाकारावा.