परदेशी पाहुण्याचा सी फॉर्म : खोलीची किल्ली देण्याआधी काय पाहावे, काय भरावे

गोव्यातल्या मोरजी, हरमल, हणजुणे, पाळोळे या पट्ट्यात खोल्या देणाऱ्या कुणाला 'सी फॉर्म', म्हणजे परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवण्याचा अर्ज, काय असतो हे सांगावे लागत नाही. त्यामागचा कायदा मात्र १ सप्टेंबर २०२५पासून बदलला आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे चार वेगवेगळे कायदे रद्द होऊन 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५' हा एकच लागू झाला. नव्या नियमांत या अर्जाचे नाव 'फॉर्म तीन' आहे. लोक अजून सी फॉर्मच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवले आहे. मुख्य बंधन जुनेच आहे: परदेशी माणूस तुमच्याकडे उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन नोंदणी अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे.

'आमचे हॉटेल नाही, मागच्या दोन खोल्याच देतो' ही सबब चालत नाही. गेस्ट हाऊस, होमस्टे, धर्मशाळा, वसतिगृह, इस्पितळ आणि खासगी घरसुद्धा यात येते. पैसे घेतले की नाही याने फरक पडत नाही. गोव्यात नेमके इथेच अनेक जण चुकतात. पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला किंवा इंग्लंडला गेलेला चुलतभाऊ चतुर्थीला घरी आला, तर तुमच्यासाठी तो घरचाच. कायद्याच्या लेखी तो परदेशी. ओसीआय कार्डामुळे (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड) त्याची स्वतःची नोंदणी टळते, यजमानाची जबाबदारी टळत नाही.

हंगामाआधीची तयारी

भाड्याने खोल्या देत असाल तर १९८२च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंद आधी हवी. ती झाली की एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, सरकारी संकेतस्थळावर सी फॉर्मच्या विभागात जाऊन तुमच्या जागेचे खाते उघडा. घराचे नाव, पूर्ण पत्ता, खोल्यांची संख्या, मालकाचा तपशील आणि संपर्क द्यावा लागतो. अर्ज केल्या केल्या खाते चालू होत नाही, अधिकारी मंजुरी देतो तेव्हा होते. पहिला पाहुणा दारात उभा असताना खाते उघडायला बसलात तर २४ तास तिथेच संपतील. हे काम पावसातच उरकून घ्या. फॉर्म भरायला सरकार पैसे घेत नाही, त्यामुळे शुल्क मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते बंद करा.

बुकिंग झाले की पाहुण्याला घराचा पत्ता पिनकोडसह लिहून पाठवा. १ ऑक्टोबर २०२५पासून परदेशी प्रवाशाला भारतात पोचण्याआधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचे असते आणि त्यात भारतातला पत्ता विचारतात. तिथे एक पत्ता आणि सी फॉर्मवर दुसरा, असा घोळ त्यामुळे टळतो.

पाहुणा आल्यावर

सामान आत जाण्याआधी पासपोर्ट मागा. फोटोचे पान, व्हिसाचे पान किंवा ई-व्हिसाचा छापील कागद, आणि इमिग्रेशनचा शिक्का असलेले पान यांचे स्पष्ट फोटो काढा. मग पासपोर्ट लगेच परत द्या. भाड्याच्या दुचाकीसाठी पासपोर्ट ठेवून घेण्याची आपल्याकडची सवय वाईटच. तो त्या देशाच्या सरकारचा दस्तऐवज असतो, तारण नव्हे.

आता फॉर्म. यात पाहुण्याचा छोटा फोटो, आडनाव, नाव, लिंग, जन्मतारीख, नागरिकत्व, मायदेशातला पत्ता, पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील, कुठून आला, किती दिवस राहणार, पुढे कुठे जाणार आणि फोन क्रमांक भरावे लागतात. तोंडी ऐकून काहीही लिहू नका. चुका बहुधा ठरावीक जागी होतात:

- आडनाव आणि नाव यांची अदलाबदल. पासपोर्टच्या फोटोपानावर तळाशी यंत्रासाठी दोन ओळी असतात, त्यात '<<' या खुणेआधी आडनाव असते. रशियन नावांचे स्पेलिंग तिथूनच उतरवा.
- पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय'.
- भारतात आल्याची तारीख. पाहुणा 'आजच आलो' म्हणतो, पण मुंबईत किंवा दिल्लीत उतरून मग गोव्यात दाबोळी अथवा मोपा विमानतळावर आलेला असतो. इथे शिक्क्यावरची तारीख घाला. तुमच्याकडे आल्याची तारीख आणि वेळ यांचे रकाने वेगळे आहेत.
- 'कुठून आला' म्हणजे आधीचा मुक्काम. गोकर्णहून आला असेल तर गोकर्ण लिहा, मॉस्को नव्हे.
- मुले. तान्ह्या बाळाचा पासपोर्ट वेगळा, म्हणून फॉर्मही वेगळा.

व्हिसाच्या तारखांवर जरा थांबा, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथलीच. ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसाच्या कागदावर जी मुदत छापलेली असते ती भारतात प्रवेश करण्याची शेवटची तारीख असते. राहण्याचे ३० दिवस पहिल्यांदा भारतात पाऊल ठेवल्यापासून मोजले जातात. हा व्हिसा वाढवून मिळत नाही. एक किंवा पाच वर्षांचा ई-टुरिस्ट व्हिसा असला तरी तेवढा काळ सलग राहता येत नाही. मुक्कामाची मर्यादा व्हिसाच्या अटींत दिलेली असते, ती वाचूनच महिन्याच्या भाड्याचे बोला. मुदत उलटून राहिल्यास नव्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

'भारतात नोकरी करता का' हा रकाना डोळे मिटून 'नाही' असा भरू नका. टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस योगवर्गाची फी घेत असेल किंवा शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या खाणावळीत) स्वयंपाक करत असेल, तर ते व्हिसाच्या अटींबाहेरचे आहे आणि पत्ता तुमच्या घराचा आहे. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी वा रोजगार व्हिसावर आलेल्यांनी भारतात पोचल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओवर (त्याच कार्यालयाच्या ऑनलाइन सेवेवर) नोंदणी करायची असते. अशांना दीर्घकाळ खोली देताना नोंदणीचा कागद मागून घ्या.

फॉर्म पाठवल्यावर त्याची पीडीएफ जपून ठेवा आणि एक प्रत पाहुण्यालाही द्या. पुढे त्याला व्हिसासंबंधी काही सेवा किंवा, पासपोर्ट हरवल्यास, देश सोडण्याचा परवाना हवा झाला तर ई-एफआरआरओवर राहण्याचा पुरावा म्हणून हाच फॉर्म मागतात. तुम्ही तो भरलेला नसेल तर त्याचे काम अडते, आणि का अडले हे तो अधिकाऱ्याला सांगणारच.

पाहुणा खोली सोडून गेला की निघाल्याची नोंद करा. हंपीला जाऊन चार दिवसांनी परत आला तर नवा फॉर्म भरा. शेजारच्या घरात हलला तर तो फॉर्म शेजाऱ्याने भरायचा.

वीज गेली, नेट बंद पडले, विसरलात आणि २४ तास उलटले, तरीही फॉर्म भराच. आल्याची खरी तारीखच घाला. उशीर लपवायला ती पुढे ढकललीत तर पाहुण्याची बुकिंगची पावती, तुमची वही आणि फॉर्म यांचा मेळ बसणार नाही, आणि साध्या उशिराची खोटी माहिती होऊन बसेल.